वडाने सांगितलेलं औषध

एका जंगलात, ओढ्याच्या अलीकडच्या उतारावर, एक भेकर राहत असे. अगदी एकटं. हरणांना कळप असतो, रानडुकरांचं मोठं गणगोत असतं. पण मुलांनो, भेकराच्या जातीला यातलं काही नाही. दिवसचे दिवस त्याला "कसं आहेस?" म्हणून विचारायलाही कुणी नसे. त्याच्याजवळ होते ते फक्त चार चपळ पाय. बिबट्याचा वास आला की त्या पायांनी पळायचं, एवढाच त्याचा आधार.

एके दिवशी त्याचा मागचा पाय सुजला. खुराच्या फटीत ठणका लागला. ओढ्यापलीकडच्या कातळावर एक म्हातारी माकडीण राहायची. ती रानातल्या सगळ्यांची दुखणी बघायची. पण तिच्याकडे गेलं की ताटकळत बसावं लागे, ती नेमकं दुखतं तिथेच दाबून बघे, आणि वर "इतके दिवस काय झोपा काढत होतात?" म्हणून रागावे ते वेगळंच. भेकराला वाटलं, नको रे बाबा ती कटकट! त्यापेक्षा आपला वड बरा.

हा वड म्हणजे एक प्रकरणच होतं. संध्याकाळ झाली की रानभरची पाखरं त्याच्यावर उतरत. खाली उभं राहून काहीही विचारा, वरून उत्तर हजर! पानांआडून कोण बोलतंय ते खालच्याला दिसत नसे, आणि खाली कोण उभं आहे याची वरच्यांना पर्वा नसे. तरी सगळ्या रानाला वडाची सवय लागली होती. भेकर लंगडत तिथे गेलं आणि ओरडलं, "माझा पाय सुजलाय हो! काय करू?"

"चिखलात पाय बुडवून बस!" पोपट म्हणाला. त्याने एकदा एका गव्याची खाज चिखलात लोळून गेलेली पाहिली होती. खाज, बरं का, सूज नव्हे! पण एवढा विचार करायला पोपटाला सवड कुठली? पोपटाचं ऐकून साळुंकी म्हणाली, "चिखलच!" साळुंकीचं ऐकून बुलबुल म्हणाला, "चिखलासारखं औषध नाही!" बघता बघता सगळा वड चिखलाचा घोष करू लागला.

"एवढे सगळे सांगतात, म्हणजे खरंच असणार," भेकर स्वतःशी म्हणालं. आणि खरं सांगू? त्याचे डोळे भरून आले. इतकी जणं आपल्याशी बोलताहेत, याचंच त्या बिचाऱ्याला अप्रूप! त्यांच्यातल्या एकानेही आपला पाय पाहिलेला नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

जवळच्या डबक्यातल्या चिखलात पाय गार पडला, जरा बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी ठणका वाढला. "अजून बस! धीर धर!" वडाने सांगितलं. भेकर बसून राहिलं. डबक्याकडे दिवसभर चिटपाखरूही फिरकलं नाही. शेवटी अंगात ताप भरला, वडाखाली जाऊन ओरडायचंही त्राण उरलं नाही. तेव्हा ते कसंबसं ओढा ओलांडून माकडिणीच्या कातळापाशी जाऊन कोसळलं.

माकडीण रागावली नाही. तिने आधी पाय धुतला, मग विचारलं, "कुठे हिंडत होतंस? पाय कशावर पडला होता?" खुराची फट उघडून तिने आत नीट पाहिलं आणि सुस्कारा टाकला. "बाभळीचा काटा आहे रे बाळा! लगेच आलं असतंस तर उपटून टाकला असता आणि तू उड्या मारत घरी गेलं असतंस. आता चिखलाने आतलं सगळं सडलंय." तिने काटा काढला, पाला बांधला, कितीतरी दिवस उशापाशी बसून राहिली. भेकराचा जीव वाचला. पाय मात्र आखडला तो आखडलाच.

पुढे एका संध्याकाळी भेकर कातळावर बसलं होतं. पलीकडे वडाखाली एक ससा पंजा उचलून उभा होता. "चिखल! चिखल!" पोपट ओरडत होता. "ते भेकर आठवतं ना? रोज इथे येऊन रडायचं. चिखलाने त्याला असा गुण आला, की पुन्हा इकडे फिरकलंच नाही!"

"गुण आला! गुण आला!" सगळा वड ओरडला.

भेकर ताडकन उठलं. "अरे, खोटं आहे ते! तिकडे जाऊ नकोस, इकडे ये!" ते जीव तोडून ओरडलं. पण त्या गलक्यात एकट्या भेकराचा आवाज तो किती! ससा आनंदाने डबक्याकडे निघाला. धावत जाऊन त्याला अडवावं, तर भेकराला आता धावता येत नव्हतं.

तात्पर्य : न पाहता सांगितलेलं औषध हजार तोंडांनी सांगितलं तरी ते आपल्या दुखण्याचं ठरत नाही, आणि ज्यांचं त्याने वाटोळं झालं, ते सांगायला परत येत नाहीत. म्हणून दुखणं जाणत्याला दाखवावं, आणि वेळेवर दाखवावं.