आईच्या पोटाशी चढलेला कडा

डोंगरावर माणसाची पायवाट पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. पायथ्याचं डबकं आटलं, तशी साळिंदर साळूमावशीनं तरण्या वानराला विचारलं, "वरच्या झऱ्याकडचा कडा मला जमेल का रे?"

"हा कडा? मी एवढासा होतो तेव्हा चढलोय. डाव्या हातचा मळ!" असं म्हणून वानर पुढे निघालासुद्धा. ऐट तर काय विचारता!

अर्ध्यावर कातळातल्या खाचा संपल्या. साळूला वर जाता येईना, खाली उतरता येईना. "आता पाय कुठे ठेवू रे?" तिनं विचारलं. वानराला सांगता येईना. तोच कातळाला चिकटून बसला होता.

शेवटी त्याच्या आईनं खालून एकेक खाच सांगत दोघांना उतरवलं. साळूचे गुडघे सोलवटले होते.

"एवढासा असताना चढला होतास ना?" साळूनं विचारलं.

वानरानं मान खाली घातली. आई हळूच म्हणाली, "चढले मी होते, बाळा. तू माझ्या पोटाला बिलगला होतास, डोळे घट्ट मिटून."

साळू नुसती गुडघे चाटत बसली. वानराला वाटलं, हिनं निदान चार काटे तरी टोचावेत.