सुगरणीची पहिली गाठ

विहिरीला अजून कठडा बांधलेला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला एका सुगरणीचं घरटं लोंबत होतं. तिच्या जातीत घरटं नर विणतो आणि मादी त्यात खोट काढते. तिचा नर नुकताच वारला होता. त्यातच वाऱ्याने घरट्याच्या तळाला भोक पडलं. आत दोन अंडी होती आणि खाली पाणी.

"चार काड्या टाका की, वहिनी," शेजारचा होला म्हणाला. "आमचं तर अख्खं घरच तसं आहे."

सुगरणीने वाळलेलं गवत आणलं, ते वळवताच मोडलं. तेव्हा तिला आठवलं, 'हे वाळकं नको, ओलं पातं आणा,' असं नराला तीच ऐकवायची. तिने हिरवं पातं आणून गाठ मारली. 'गाठ सैल आहे,' हेही तिचंच बोलणं. तिने गाठ सोडून पुन्हा ओढून बांधली.

संध्याकाळपर्यंत भोक बुजलं. सुगरणीने मान तिरकी करून पाहिलं.

"वाकडं झालंय," ती सवयीने म्हणाली.

"मग आता परत उसवणार?" होल्याने विचारलं.

"छे, त्यांचंही वाकडंच असायचं," ती हसून म्हणाली आणि अंड्यांवर जाऊन बसली.