एकतीस निबंधांचा एक गठ्ठा

तनुजा खिलारेची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती. हळदीच्या करपा रोगावरचे सहाशे शोधनिबंध तिने एआयच्या मदतीने विषयवार लावले होते. विभागप्रमुख डॉ. पोफळे यांना ते मुळीच रुचलं नव्हतं, कारण यंत्राने त्यांचे स्वतःचे एकतीस निबंध एकाच गठ्ठ्यात टाकले होते आणि गठ्ठ्याला नाव दिलं होतं, ‘एकच प्रयोग’.

“याला संशोधन म्हणायचं?” भरल्या सभागृहात ते गरजले. “माझी तीस वर्षांची तपश्चर्या या यंत्राने दोन शब्दांत गुंडाळली! चूक कबूल करा आणि प्रबंध मागे घ्या.”

पाच वर्षांची मेहनत पणाला लागली होती. तरी तनुजाचा आवाज शांत राहिला.

“सर, मलाही आधी ती चूकच वाटली. म्हणून मी एकतीसच्या एकतीस निबंध स्वतः वाचून काढले. तीच जमीन, तेच वाफे, तेच आकडे.”

“अहो, पण प्रत्येकाचं शीर्षक वेगळं आहे!” पोफळे टेबलावर हात आपटत म्हणाले.

“हो सर,” तनुजा नम्रपणे म्हणाली, “पण यंत्र शीर्षकापाशी थांबत नाही. ते आतलंही वाचतं.”

सभागृहात असा हशा पिकला की पोफळ्यांचं पुढचं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही. बाहेरून आलेल्या परीक्षक मुजावरबाईंनी हसू आवरत प्रबंधावर सही केली आणि हात पुढे केला.

“अभिनंदन, डॉक्टर खिलारे!”