पांढऱ्या फडक्याच्या बरण्या

एका गावात एक सुगरण राहत होती. तिच्या हातच्या लोणच्याचं नाव चार गावांत होतं, आणि बाईची त्या नावाची हाव नावाहूनही मोठी होती.

तिचा धाकटा भाऊ तिच्याच घरी राहायचा. एकदा त्याच्या पायांवर सूज आली. वैद्यबुवांनी बजावलं, "मीठ बंद. कणभरही नाही. मीठ खाल्लंत तर यंदाचा पाऊस काही बघत नाही तुम्ही."

पण भावाला लोणच्याशिवाय घास उतरेना. मग बहिणीने युक्ती केली. लिंबाच्या फोडी त्यांच्याच रसात आलं-मिरी घालून शिजवल्या, काचेच्या बरण्यांत गरम गरम भरल्या, बरण्या पाण्यात उकळून तोंडं मेणाने बंद केली. मिठाशिवाय टिकतील अशा सहा बरण्या! ओळखायला त्यांना पांढरं फडकं बांधलं, घरच्या खारट बरण्यांना तांबडं.

महिन्याभरात सूज उतरू लागली.

एक दिवस शेजारणीने पांढऱ्या बरणीतली फोड चाखली आणि तोंड वाकडं केलं. "अगंबाई, हेच का ते नावाजलेलं लोणचं?"

ते वाक्य सुगरणीच्या काळजात रुतलं. पुढच्या खेपेला तिने प्रत्येक बरणीत मूठभर मीठ घातलं आणि वर पांढरंच फडकं बांधलं.

भावाने बोटं चाटली. "अक्का, आज खरी चव उतरली बघ! मीठ नाही ना गं?"

"तुझी शपथ, कणभर नाही."

त्याचा विश्वास बसला. तो रोज दोन-दोन फोडी जास्त घेऊ लागला. सूज घोट्यावरून गुडघ्यावर चढली. वैद्यबुवा बुचकळ्यात पडले. "पथ्य मोडलंत का?"

"छे हो! अक्काच्या हातचं सोडून दुसरं काही खात नाही मी."

अक्का दारातच उभी होती. आता बोलली असती तरी भाऊ वाचला असता. पण नाव जाईल, या भीतीने तिने ओठ घट्ट मिटले.

पाऊस सुरू होण्याआधीच भाऊ गेला.

तेराव्याच्या जेवणाला कुणीतरी उरलेली पांढऱ्या फडक्याची बरणी फोडली. पंगत वाहवा करू लागली, "असं लोणचं पंचक्रोशीत नाही!" वैद्यबुवांनी बोटाला लागलेला खार जिभेवर ठेवला, अक्काकडे पाहिलं आणि भरल्या पानावरून उठले.

अक्काला हवं ते कौतुक सगळी पंगत करत होती, आणि तिला मान वर करता येत नव्हती.

तात्पर्य: पथ्याचं पान रोग्याचा जीव जपायला वाढावं; ते स्वतःचं नाव जपायला वाढलं, तर नाव उरतं आणि माणूस जातो.