वैशाखात माळ बघणारा प्रधान

लई पूर्वी, अश्मक देशातल्या पोतन नगरात अरिंदम राजा गादीवर हुता, तवा बोधिसत्त्व काळविटाच्या जन्माला आलं हुतं. नगराबाहीरच्या माळावर त्यांचा कळप ऱ्हायचा. त्याच माळावर उत्तरा नावाची एक विधवा बाई आन तिच्यासारखी बरीच घरं गाई चारायची. हिरव्या गवताला इळा लावायचा न्हाई, बी झडल्यावरच कापायचं, अशी त्यांची रीत. म्हणून माळ टिकला हुता. राजाला चराईचा कर बी हीच माणसं भरायची.

एका साली खजिना भरला. राजा मनानं वाईट न्हवता. म्हणाला, "गरिबांसाठी कायतरी करा." प्रधान भद्रसोम माळ बघायला गेला. गेला कवा? वैशाखात! पालखीतनं पाय बी खाली टेकला न्हाई. पिवळं गवत बघितलं आन येऊन सांगितलं, "म्हाराज, माळ मेलाय. कुंपण घालू, साग लावू. देशाला लाकूड, गरिबाला मजुरी."

आन कामाला लावलं कुणाला? उत्तरालाच! तिच्या गाई कुंपणाबाहीर हाकलल्या आन तिच्याच हातात कुदळ दिली. तिच्याच कराच्या पैशातनं तिचीच चराई खणायची मजुरी! ह्याला नगरातली माणसं दान म्हणत हुती. जिभेला हाड नसलं की काय बी म्हणता येतं.

हरणी बोधिसत्त्वांना म्हणाली, "धनी, चला की. नदीपल्याड गवत हाय. आपल्याला कुंपण कसलं?"

"आपण उडी मारू गं. त्या उत्तराच्या गाई कशा मारतील?"

राजा पहिलं रोप लावायला आला. ढोल वाजत हुतं. बघतो तर खड्ड्यात काळवीट बसलेला.

भद्रसोम ओरडला, "हाकला रं त्याला! न्हाई उठला तर कापा, पंगतीला तरी कामी येईल."

काळवीट हलला न्हाई. "राजा, रोप लावायचं तर माझ्यावर माती लोट," म्हणाला. "पण आधी हे बघ." शिंगानं त्यानं खड्ड्याची कड उकरली. आत गवताची मुळं, पांढरी, वली, हातभर खोल गेलेली. "वैशाखात माळ झोपतो. झोपलेल्याला तिरडीवर बांधत्यात व्हय?"

राजा उत्तराकडं वळला. "बाई, तुला मजुरी मिळतीया न्हवं?"

"मिळतीया की, म्हाराज. खड्डं हाईत तवर. खड्डं सरल्यावर काय खाऊ? सागाचं पान तर माझी गाय बी हुंगून सोडती. दोन गाई मेल्या. तिसरी उठंना झालीया."

भद्रसोम म्हणाला, "अडाणी बाई! ईस वर्सांनी बघ, केवढं लाकूड हुतंय!"

"ईस वर्सं उपाशी थांबतीस का, ते माझ्या गाईलाच इचारा की, प्रधानजी."

माणसं हसली. राजा हसला न्हाई. त्यानं हातातलं रोप खाली ठेवलं, कुंपण मोडायला लावलं, आन चराईचा कर कायमचा माफ केला. त्याच सांजंला उत्तराची गाय माणसांनी उचलून माळावर नेली. तिनं बसल्या बसल्या गवताला तोंड लावलं आन जगली. पण जिथं जिथं कुदळ पडली हुती, तिथं राजा म्हातारा झाला तरी गवतानं मूळ धरलं न्हाई.

तवाचा भद्रसोम म्हंजी आत्ताचा देवदत्त. राजा तो आनंद, उत्तरा ती किसा गोतमी, हरणी ती यशोधरा. आन खड्ड्यातनं न उठलेला काळवीट म्हंजी आपलं तथागत. ह्या गुणाला करुणा म्हणत्यात: सोत्ताला पळता येत असून, ज्याला पळता येत न्हाई त्याच्याजवळ बसून ऱ्हायाचं. खजिन्याची किल्ली हातात घेणाऱ्यानं आधी एवढं शिकावं, मग दानाच्या गप्पा माराव्यात.