पेवातली ज्योत

महाराजांचा मुक्काम त्या वर्षी माणदेशातल्या वडजाई गावी होता. सलग दुसऱ्या साली पावसाने पाठ फिरवलेली, घरोघरच्या कणग्या रित्या. शेवटी गावचे पेव उघडायचे ठरले. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले, अरुंद तोंडाचे धान्याचे कोठार. वर्षानुवर्षे बंद पेवातली हवा माणसाचा जीव घेते, म्हणून आधी दोरीने दिवा सोडायचा. तो तेवत राहिला तरच उतरायचे. हे काम कोंडिबाचे. महाराजांचे नाव घेऊन त्याने दिवा सोडला, आणि तो विझला.

“अजून थांबावं लागंल, पाटील.”

“सकाळधरनं हेच ऐकतोय!” रावजी पाटील कडाडले. “गाव टोपल्या घेऊन उपाशी बसलंय, आन् तू दिव्याला भितोस? महाराजांचं नाव नुसतं तोंडातच व्हय रं?”

कोंडिबाने मान खाली घातली. पाटलांनी धोतर खोचले आणि कोणाचे न ऐकता ते स्वतःच पेवात उतरले. क्षणात आतून धप्प आवाज आला. लोकांनी हाका मारल्या, पण ओ नाही!

कोंडिबा महाराजांकडे धावला. “महाराज, पाटील पडलं! मी उतरतो.”

महाराज त्याच्यासोबत पेवापाशी आले आणि तोच विझलेला दिवा लावून त्यांनी त्याच्या हाती दिला. महाराज म्हणाले, “ही ज्योत जळते आहे तोवर भिऊ नकोस.” आणि ते पेवाच्या काठावर डोळे मिटून बसले.

कोंडिबा उतरला. ज्योत निळी झाली, लवली, पण विझली नाही! वर मात्र महाराजांचा चेहरा काळवंडत चालला. त्यांचा श्वास थांबला होता. बायका रडू लागल्या. हात लावायला कोणी धजेना. खाली कोंडिबाने पाटलांच्या काखेत दोर बांधला. लोकांनी त्यांना वर ओढले, मागोमाग कोंडिबाला. त्याचा पाय जमिनीला लागला, तेव्हा कुठे महाराजांनी दीर्घ श्वास घेतला. पेवातले विष त्यांनी आपल्या श्वासावर घेतले होते. धन्य ती माउली!

शुद्धीवर येताच पाटील महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराज म्हणाले, “आधी कोंडिबाच्या पाया पडा. त्याने माझे नाव घेऊन दिवा सोडला होता. तो विझला, तेव्हा ‘थांबा’ म्हणून मीच सांगत होतो.”

पाटलांनी भर गावासमोर कोंडिबाच्या पायांवर डोके ठेवले. मग दिव्याची दोरी स्वतः धरून ते काठावर बसले. दिवा चार वेळा विझला; ते बसूनच राहिले. पाचव्यांदा ज्योत स्थिर झाली, तेव्हा हात जोडून म्हणाले, “कोंडिबा, आता उतर, बाबा.”