द्वारकाकाकूच्या पाइपात पिटीचं बाळ

एक होती उंदरी. अंगठ्याएवढी. नाव तिचं पिटी.

पिटीला एकच बाळ. शेंगदाण्याएवढं. गुलाबी गुलाबी.

पिटीचं घर कुठे? अंगणातल्या लोखंडी पाइपात. पाइपाचं एक तोंड बंद, एक उघडं. आत कापूस. कापसात बाळ.

पण पाइप कोणाचा? पाइप द्वारकाकाकूचा. काकूकडे होती एक जुनी जीप. जीपचं काही मोडलं, की काकू घरीच कापायची, घरीच ठोकायची. या पाइपाचा तिला जीपला बंपर करायचा होता.

एका सकाळी पिटी दाणा आणायला गेली. तुरू तुरू, तुरू तुरू.

इकडे काकू म्हणाली, "पाइपात पाणी शिरेल. तोंड बंद करून टाकू."

दगडावर पाइप. हातात हातोडी. ठाण! ठाण! ठाण! पाइपाचं तोंड चपटं झालं.

काकूने आत बघितलं का? नाही बघितलं. घाई होती ना! तो दिवस खंडेनवमीचा. हत्यारांच्या पूजेचा. काकूने हत्यारं धुतली, पुसली, मांडली. हळदकुंकू वाहिलं. झेंडूची माळ घातली. नमस्कार केला आणि घरात गेली.

पिटी परत आली. बघते तर काय? घराला दारच नाही!

तोंडातला दाणा पडला. आतून बारीक आवाज आला, "चीं."

बाळाला भूक लागली होती. पिटीला रडू आलं. खूप रडू आलं. पण रडून दार उघडतं का? पिटी उठली.

तुरू तुरू, तुरू तुरू. पिटी गेली करवतीकडे.

"करवतताई, करवतताई, पाइप काप. पाइप उघडेना, बाळ माझं आत!"

करवत म्हणाली, "पाइप हलतो गं. हलता पाइप कापला, तर माझे दात तुटतील. व्हाइस धरेल, तर मी कापेन."

व्हाइस टेबलावर बसला होता. त्याला मोठा लोखंडी जबडा. त्यात धरलं, की काही हलत नाही.

तुरू तुरू, तुरू तुरू. पिटी गेली व्हाइसकडे.

"व्हाइसदादा, व्हाइसदादा, पाइप धर. करवत कापेना, पाइप उघडेना, बाळ माझं आत!"

व्हाइस म्हणाला, "पूजेसाठी मला धुतलं. माझं तेल सगळं गेलं. जबडा उघडत नाही. बुधली तेल देईल, तर मी धरेन."

तुरू तुरू, तुरू तुरू. पिटी गेली तेलाच्या बुधलीकडे.

"बुधलीआजी, बुधलीआजी, तेल दे. व्हाइस धरेना, करवत कापेना, पाइप उघडेना, बाळ माझं आत!"

बुधली म्हणाली, "माझ्या चोचीत हळदकुंकू बसलंय. थेंब बाहेर येत नाही. तार चोच कोरेल, तर मी तेल देईन."

तुरू तुरू, तुरू तुरू. पिटी गेली तारेकडे.

"तारबाई, तारबाई, चोच कोर. बुधली गळेना, व्हाइस धरेना, करवत कापेना, पाइप उघडेना, बाळ माझं आत!"

तार म्हणाली, "माझ्यात झेंडू ओवलेत. गाठ मारलीय घट्ट. पक्कड सोडवेल, तर मी कोरेन."

तुरू तुरू, तुरू तुरू. पिटी गेली पक्कडीकडे.

"पक्कडबाई, पक्कडबाई, तार सोडव. तार येईना, बुधली गळेना, व्हाइस धरेना, करवत कापेना, पाइप उघडेना, बाळ माझं आत!"

पक्कड म्हणाली, "मला चालवायला हात लागतो गं. काकू उचलेल, तर मी सोडवेन."

पिटीचे पाय दुखले. तरी पिटी गेली. तुरू... तुरू... उंबरा चढली. काकूपुढे उभी राहिली.

"काकू, काकू, पक्कड उचल. पक्कड हलेना, तार येईना, बुधली गळेना, व्हाइस धरेना, करवत कापेना, पाइप उघडेना, बाळ माझं आत!"

काकू म्हणाली, "अगं पिटे, आज खंडेनवमी. पूजेनंतर हत्याराला हात लावायचा नसतो. उद्या कापते हं."

पिटी हलली नाही.

"बाळाला उद्या कळत नाही, काकू. त्याला भूक आज लागलीय. येऊन कान तरी लाव."

काकू अंगणात आली. पाइपाला कान लावला.

आवाज नाही.

पुन्हा कान लावला. आवाज नाही. काकूचा चेहरा उतरला. पिटीने डोळे घट्ट मिटले.

आणि मग, अगदी बारीक, "चीं."

"अगं बाई!" काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे तर मीच ठोकलं. आत न बघता ठोकलं."

काकू हत्यारांसमोर बसली. हात जोडले. म्हणाली, "चूक माझी आहे. मला तुमची मदत हवी. उठा आता."

काकूने पक्कड उचलली. पक्कडीने तार सोडवली. कट्ट!
तारेने चोच कोरली. कुरु कुरु.
बुधलीने तेल दिलं. टप् टप्.
व्हाइसने जबडा उघडला. कर्रर्र! पाइप धरला. घट्ट.

पिटी पाइपाला चिकटून ओरडली, "मागे सर बाळा, मागे सर!"

काकूने करवतीने हळूच टोक कापलं. खर्र खर्र, खर्र खर्र. ठण्ण! चपटं टोक खाली पडलं.

दार उघडलं! बाळ वास घेत घेत पुढे आलं.

"थांबा!" कोण ओरडलं? कानस ओरडली. लोखंड घासून गुळगुळीत करते ना, ती कानस. "कापलेली कड धारदार असते. बाळाला लागेल. मला कोणी विचारलं नाही, पण मी येते."

बाळ पुन्हा मागे सरलं. काकूने पाइपाचं तोंड जरासं खाली झुकवलं आणि कड घासली. घस् घस्, घस् घस्. चुरा सगळा खाली पडला. मग काकूने स्वतःचं बोट फिरवून बघितलं. गुळगुळीत!

बाळ बाहेर आलं. पिटीने त्याला चाटलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटलं. बाळ दूध प्यायलं. चुक चुक, चुक चुक.

काकूने पाइप पुसला. भिंतीच्या सावलीत ठेवला. म्हणाली, "हा पाइप तुझा गं पिटे. बंपरला मी दुसरा घेईन."

दुसऱ्या दिवशी काकूने दुसरा पाइप घेतला. दगडावर ठेवला. हातोडी उचलली. मग हातोडी खाली ठेवली. पाइपाला तोंड लावून हळूच विचारलं,

"आत कोणी आहे का?"

कोणी नव्हतं. मगच काकूने ठोकलं. ठाण!

पाइप उघडला, बाळ सुटलं, गोष्ट आता झोपायला गेली.